शेरा नाही

ओळ फाईलमध्ये होती आणि पानावर नव्हती. झालं होतं ते एवढंच, दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर त्याला त्यात काही वाटलंही नसतं. पण धाकटीनं ती ओळ दोनदा वाचली. धाकटी म्हणजे वयानं त्रेचाळीस, चष्मा लागलेला, मुलगी कॉलेजात. पण माहेरी ती धाकटी होती आणि असलं नाव एकदा चिकटलं की निघत नाही. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत ती संगणकाचं काम करायची. शहरभर कंपनीच्या सातशेच्या वर लिफ्ट. मेकॅनिक फिरायचे, लिफ्ट तपासायचे आणि निघताना फोनवर शेरा लिहायचे. दर रविवारी ते सगळे शेरे गोळा होऊन त्यांची एक फाईल बनायची, ती धाकटीच्या लॅपटॉपवर उतरायची, आणि धाकटीनं तयार केलेलं पान ती फाईल वाचून सगळं नीटनेटक्या चौकटींत मांडून दाखवायचं. इमारतीवर बोट ठेवलं की तिच्या लिफ्ट उघडायच्या, लिफ्टवर ठेवलं की तपासणीच्या तारखा, तारखेवर ठेवलं की शेरा. दुरुस्तीची माणसं कुठं धाडायची ते ऑफिस या पानावरून ठरवायचं. पान सगळे बघायचे, फाईल कुणी नाही. तिच्यात बघण्यासारखं होतं काय? कंसात कंस, त्या कंसात आणखी कंस, एकाच्या पोटात दुसरं. आज धाकटीनं ती उघडली ती केवळ मॅनेजर बाईंना एका तपासणीची नेमकी वेळ हवी होती म्हणून. पानावर नुसती तारीख दिसायची.

वेळ सापडली, सकाळी दहा वीस. आणि तिच्या लगेच खाली, पानावर जिथं करड्या अक्षरांत 'शेरा नाही' असं दिसत होतं तिथं, फाईलमध्ये चार ओळी होत्या. 'लिफ्टची गाडी मजल्याच्या चार बोटं खाली थांबते. ब्रेकची पट्टी झिजली आहे. बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी. इमारतीत म्हातारी माणसं बरीच आहेत.' याच लिफ्टमधून बाहेर पडताना, त्या तपासणीनंतर बाराव्या दिवशी, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका उंबऱ्याला अडखळून पडल्या होत्या आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. तपासणी करणाऱ्या मेकॅनिकनं बिघाड कळवलाच नाही असं ठरलं, कारण पानावर 'शेरा नाही' होतं. त्याला आठ दिवसांपासून घरी बसवलं होतं. उद्या अकरा वाजता त्याची चौकशी होती, आणि ती संपली की पंचवीस वर्षांची नोकरी जाणार हे ऑफिसातल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. तो मेकॅनिक म्हणजे धाकटीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तिचे भावजी. आणि भावजी सुरुवातीपासून एकच पालुपद धरून बसले होते: मी लिहिलं होतं, मी लिहिलं होतं.

आता खरं तर धाकटीला आनंद व्हायला हवा होता. उठून नाचायला हवं होतं. पण मनात आधी चुकचुकली ती पाल. तिनं फाईल शेवटची कधी बदलली गेली ती वेळ पाहिली. रविवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. रविवारी चार वाजता भावजी तिच्या घरी होते. ताई आणि भावजी दोघंही आले होते. लॅपटॉप बाहेरच्या खोलीत टेबलावर उघडाच पडलेला, फाईल नुकती उतरत होती, आणि धाकटी चहा टाकायला आत गेली होती. तिच्या मागोमाग ताई आली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. 'तू तरी सांग त्याला, कबूल करून टाक म्हणावं. हातापाया पडला तर ठेवतील एखाद वेळेस.' चहा उकळून उकळून काळा झाला तरी ताईचं रडणं थांबेना. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. बाहेर येऊन पाहते तो भावजी टेबलापाशी उभे, लॅपटॉपवर वाकलेले. 'याच्या पंख्याला आवाज येतोय गं,' ते म्हणाले होते, 'कुठंतरी घासतोय.' तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता आज, गुरुवारी भर दुपारी, ऑफिसच्या खुर्चीत बसून तिला ते वाकणं पुन्हा दिसलं. पंख्याचा आवाज ऐकायला माणूस कान खाली करतो. यांनी डोळे खाली केले होते का? आणि ताई? ताई एरवी कुणासमोर रडणारी बाई नाही. आई गेली तेव्हाही मोरीत जाऊन रडली. मग नेमकी त्याच पंधरा मिनिटांत हिला रडू कसं फुटलं? मला आत अडकवून ठेवायला? छे, छे. असं मनात आलं याचीच धाकटीला लाज वाटली, पण आलेलं काही परत जाईना.

भावजी खोटं बोलत नाहीत असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं. आंघोळीला बसलेले असताना फोनवर 'पोचलोच, कोपऱ्यावर आहे' म्हणणारा माणूस. सिगरेट सोडली म्हणून ताईची शपथ घेतली, आणि तिसऱ्या आठवड्यात हत्यारांच्या पिशवीत पक्कड शोधताना धाकटीच्याच हाताला काडेपेटी लागली. तिनं वर पाहिलं तर भावजी ओठांवर बोट ठेवून हसत होते. तिनंही गप्प राहून त्यांच्या खोटेपणात भागीदारी केली, आणि त्याचं तिला तेव्हा मोठं अप्रूप वाटलं होतं. लग्न होऊन ताई गेली तेव्हा धाकटी एकोणीस वर्षांची होती. घरात धाकटीशी धड बोलणारं कुणी उरलं नव्हतं, आणि हा नवा माणूस तिला चक्क गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत घेऊन गेला होता. तिथं तेलाचा वास, भिंतीवर कुणीतरी खडूनं लिहिलेल्या तारखा, आणि मधोमध लिफ्ट ओढणाऱ्या यंत्राचं मोठं धूड. लिफ्ट थांबल्याबरोबर त्यांनी तिचा तळवा धरून लोखंडावर टेकवला होता. 'गरम लागतंय? एवढं लागायला नको. म्हणजे पट्टी घासतेय. आता हे आज नाही लिहिलं तर महिन्यानं कुणीतरी पडणार.' आणि खिशातून वही काढून, जिभेला पेन्सिल लावून, त्यांनी तिच्यासमोर ते लिहिलं होतं. पोचलोच म्हणून थापा मारणारा आणि हे असं लिहिणारा माणूस एकच कसा, हे कोडं तिला तेव्हाही सुटलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी मात्र तिनं ते सोडवून टाकलं होतं, फार विचार न करता. वय झालंय, गुडघे दुखतात, दिवसाला नऊ नऊ इमारती. राहिलं असेल लिहायचं. आणि आता कबूल करायला जड जातंय. रविवारी तो काळा चहा त्यांच्यापुढं ठेवताना ती म्हणालीही होती, 'भावजी, रागावू नका, पण पान काही मनानं लिहीत नाही. फाईलमध्ये असतं तेच दाखवतं.' भावजींनी कप उचलला, पुन्हा खाली ठेवला, आणि म्हणाले, 'हो का? मग असेल बाई तसंच.'

ऑफिसच्या कपाटात, म्हणजे संगणकावरच्या सगळ्यांच्या सामाईक जागेत, त्याच फाईलची मूळ प्रत असायची. धाकटीनं ती काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिल्या. अक्षर न् अक्षर तेच. चार ओळी तिथंही होत्या. सुटले, असं एक क्षण वाटलं, आणि लगेच दुसरं डोकं चालू झालं: फोनवरचं शेऱ्याचं काम पाहणारा तो लांबुडका तंत्रज्ञ, तो भावजींबरोबर जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळतो. त्यानं मूळ प्रतीत घातली असेल तर? मग रविवारी उतरली ती फाईलच बनावट. पण मग भावजींना लॅपटॉपवर वाकायची गरज काय होती? संशयाचं हे असं असतं, एकीकडून भोक बुजवलं की दुसरीकडून पाणी झिरपायला लागतं. ती खुर्चीत टाचा उचलून बसली होती हे तिला पोटऱ्या भरून आल्या तेव्हा कळलं. पलीकडे कुणीतरी मोठ्यांदा हसलं आणि तिनं दचकून खिडकी मिटवली, म्हणजे पडद्यावरची. चोरी जणू तीच करत होती.

मग तिनं एक साधी गोष्ट केली, जी तासाभरापूर्वीच करायला हवी होती. त्या चार ओळी फाईलमध्ये कशा बसवल्या आहेत ते नीट पाहिलं. साधा शेरा असला की तो एका ओळीत सरळ लिहिलेला असायचा: 'तेल घातलं', 'दिवा बदलला'. इथं शेऱ्याच्या जागी एक डबा होता आणि डब्यात चार कप्पे: काय बिघडलं, का बिघडलं, काय करावं, आणखी काही. हे कप्पे दोन वर्षांपूर्वी त्या लांबुडक्यानं फोनवर वाढवले होते, मेकॅनिकांना सविस्तर लिहिता यावं म्हणून. कळवलं असेल त्यानं, एखाद्या लांबलचक पत्राच्या शेवटी. धाकटीनं फाईलमध्ये असे डबे किती आहेत ते संगणकाला मोजायला लावलं. तीनशे बेचाळीस. एकट्या भावजींचे नाहीत, अकरा मेकॅनिकांचे, दोन वर्षांतले. तिनं पानावर जाऊन त्यातला पहिला शोधला. शेरा नाही. दुसरा. शेरा नाही. पंधरावा, चाळिसावा. शेरा नाही, शेरा नाही. तीनशे बेचाळीस डबे कुणी रविवारी दुपारी चहा उकळेपर्यंत भरत नाही.

आता तिला काय पाहायचं ते माहीत होतं. तिनं स्वतःचं काम उघडलं, पानाला सगळी मांडणी सांगणारं. शेऱ्याच्या ठिकाणी तिच्याच हातची ओळ होती, साधी, छान, वाचायला सोपी: शेरा सरळ अक्षरांत असेल तर तो दाखव, दुसरं काहीही असेल तर 'शेरा नाही' असं लिही. तिला तो दिवस आठवला. सगळा आठवला, अगदी मॅनेजर बाईंच्या मनगटावरच्या घड्याळासकट. मोठ्या साहेबांना पान दाखवायचं होतं, अर्ध्या तासावर आलं होतं, आणि बाईंनी पडद्यावर बोट टेकवलं होतं, 'हे काय मधूनच घाणेरडं दिसतंय?' काही चौकटींत शेऱ्याऐवजी परक्या लिपीतले दोन निरर्थक शब्द उमटले होते. तेच दोन शब्द, पुन्हा पुन्हा. आत काहीतरी आहे पण मला ते उघडता येत नाही, हे सांगायची पानाची तीच रीत. आणि हे धाकटीला चांगलं ठाऊक होतं, या धंद्यातल्या पोराटोरांनाही असतं. उद्या बघू आत काय आहे ते, असं ती स्वतःशी म्हणाली आणि ती ओळ लिहून मोकळी झाली. घाण गेली. चौकटी स्वच्छ झाल्या. मोठे साहेब 'वा' म्हणाले. उद्या दुसरंच काम निघालं, आणि त्या उद्याला आता दोन वर्षं होत आली होती. ज्यांनी 'तेल घातलं' एवढं खरडलं त्यांचं जगाला दिसत राहिलं, आणि ज्यांनी चारही कप्पे नीट भरले त्यांच्या तोंडावर तिनं स्वतःच्या हातानं बोळा कोंबला. पान काही मनानं लिहीत नाही म्हणे! लिहीत होतं. तिच्या मनानं लिहीत होतं.

चौकशीच्या कागदांत तुमच्या पानाची छापील प्रत लावली आहे, असं बाई सकाळीच सांगून गेल्या होत्या. धाकटी गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. गुपचूप ती ओळ सुधारली असती तर पानावर भावजींचा शेरा दिसायला लागला असता, आणि कालच्या छापील प्रतीत तो नसता; मग तिला स्वतःला जे वाटलं तेच सगळ्यांना वाटलं असतं, की मेहुणीनं नाहीतर मेहुण्यानं मागाहून घुसडला. बोलायचं तर सगळंच बोलायला हवं होतं. बोलल्यावर आपल्या नोकरीचं काय, हा विचारही तिला आला, येणारच. घराचा अर्धा भार तिच्यावर होता. ती उठली तेव्हा पायात मुंग्या आल्या होत्या.

मॅनेजर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ते तुमच्या बहिणीचे यजमान ना?"

"हो."

"आणि हा शेरा तुम्हाला आज सापडला. चौकशीच्या आदल्या दिवशी. तुमच्याच लॅपटॉपवर."

धाकटीला वाटलं, बरोबर आहे, मीसुद्धा हेच विचारलं असतं. तासाभरापूर्वी मी हेच विचारत होते. "ऑफिसच्या प्रतीतही आहे," ती म्हणाली.

"तिथंही तुमचा हात पोचतो."

"पोचतो, मॅडम. माझ्यावर संशय घ्या, खुशाल घ्या, उद्या मलाही चौकशीला बसवा. पण आधी हे वाचा." तिनं लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. तिनं पानातली ओळ काढून डबे उघडायला लावले होते, घाईघाईत, वेडेवाकडे, चौकटीबाहेर सांडत होते ते. "हा दुसऱ्या मेकॅनिकचा आहे. मागच्या महिन्यातला. दवाखान्याची इमारत. 'दार लागण्याआधी लिफ्ट हलते.' हा शाळेचा. हा बघा. यातलं एकही माझ्या भावजींचं नाही. दुरुस्तीला एकही माणूस गेलेला नाही, कारण मी 'शेरा नाही' लिहून ठेवलं होतं. आणि या लिफ्ट आत्ता चालू आहेत."

बाई वाचत गेल्या. एकदा त्यांनी वर पाहिलं, काहीतरी बोलणार होत्या, बहुतेक तेच पुन्हा. पण मग ओठ मिटून त्यांनी फोन ओढला आणि दुरुस्तीवाल्यांना दवाखान्याचा पत्ता सांगायला लागल्या. धाकटी शेजारी उभी राहून एकेक वाचून दाखवत गेली. संध्याकाळपर्यंत एकोणीस लिफ्ट बंद झाल्या होत्या. मधे एकदा फोन कानाला तसाच धरून बाई म्हणाल्या, "हे घाण दिसतंय असं मीच म्हणाले होते, नाही का?" धाकटी हो म्हणाली. मग तिनं पुढचा पत्ता वाचला.

ताईच्या घराचं दार ताईनंच उघडलं. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. धाकटीनं चपलाही काढल्या नाहीत; दारातच सगळं सांगून टाकलं, एका दमात, डबे, कप्पे, मोठे साहेब, वा म्हणणं, सगळं. ताईला त्यातलं निम्मं कळलं नसणार. पण जे कळायचं ते कळलं. ती मागं मागं जात खुर्चीवर बसली. "म्हणजे हा खरं बोलत होता," ती म्हणाली. "आठ दिवस. मी याला काय काय बोलले गं, धाकटे. लाज वाटत नाही का खोटं बोलायला, इथपर्यंत बोलले."

भावजी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. दाढी वाढलेली. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. धाकटीला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं त्यांनी. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवून उघडला आणि ती जागा काढून दिली. ते चष्मा शोधून आले, सावकाश बसले, आणि स्वतःच्याच चार ओळी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. टेबलावर एक कागद होता, तो त्यांनी उचलून तिच्यासमोर धरला. कंपनीच्या नावानं होता, वळणदार अक्षरात. 'सदर तपासणीच्या वेळी बिघाडाची नोंद करणे माझ्याकडून राहून गेले, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.' खाली सही, आजची तारीख.

"हे तुम्ही कशाला लिहिलंत?" धाकटीच ओरडली. "भावजी, तुम्ही लिहिलं होतं ना! तुम्हाला माहीत होतं ना!"

"पहिले चार दिवस माहीत होतं," भावजी म्हणाले. "मग ही म्हणाली, तू म्हणालीस, पान म्हणालं. तुम्ही सगळी शहाणी माणसं. मी म्हटलं आपलंच चुकत असेल. रोज रात्री पडल्या पडल्या आठवत बसायचो. आणि परवापासून मला स्पष्ट दिसायला लागलं, धाकटे. फोन खिशातून काढला, तेवढ्यात दुसऱ्या इमारतीतून बोलावणं आलं, आणि न लिहिताच तो परत खिशात टाकला. अगदी स्पष्ट. तिथल्या पहारेकऱ्याचा चेहरासुद्धा दिसायचा. त्या बाईंचं हाड माझ्यामुळं मोडलं असं धरून चाललो होतो मी."

ते पुन्हा पडद्याकडं वळले. ओळी वाचायला नाही, त्या तर पाठ झाल्या असतील एव्हाना. पडद्याच्या कडेला बोट टेकवून ते तिच्याकडं पाहत होते, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. "मला फक्त एवढं सांग," ते म्हणाले. "हे तू नाही ना लिहिलंस? माझ्यासाठी म्हणून, आज?"

"नाही हो, भावजी. तुम्हीच लिहिलंय."

"नक्की?"

ती पुन्हा नक्की म्हणाली. ताईही म्हणाली. भावजींनी मान हलवली, कागदाची घडी घातली, पण तो फाडला नाही. शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात धरून बसून राहिले.